मदत हवी आहे: ३.५ सीसीच्या नायट्रो गाडीसाठी १६ टक्क्यांचे इंधन घ्यावे की २५ टक्क्यांचे?

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांपूर्वी मी पुण्यातल्याच एका गृहस्थांकडून वापरलेली, रिमोटवर चालणारी १:८ मापाची (खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश आकाराची) नायट्रो बग्गी, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर धावणारी छोटी गाडी, विकत घेतली. इंजिन ०.२१ घन इंचाचे, म्हणजे साधारण ३.५ सीसीचे असून दोरी ओढून सुरू करावे लागते. टाकी १२५ मिलिलिटरची आहे. यापूर्वी मी फक्त बॅटरीवरच्या रिमोट गाड्या चालवल्या असल्याने इंधनाच्या बाबतीत माझी पाटी कोरी आहे, असे समजूनच उत्तर द्यावे.

अडचण अशी आहे. गाडी दोन-तीन झटक्यांत सुरू होते आणि जागेवर व्यवस्थित चालते. मात्र मैदानावर चार-पाच फेऱ्या झाल्या की वळणातून बाहेर पडताना गचके देऊन बंद पडते. कार्बुरेटरची मुख्य सुई (हवेत किती इंधन मिसळायचे ते ठरवणारा स्क्रू) पाव आटा उघडली, तर धुराचे लोट निघतात आणि वेग मिळत नाही. तीच थोडी आवळली, तर गाडी सुसाट पळते, पण ग्लो प्लगच्या (तापलेल्या तारेने इंधन पेटवणाऱ्या प्लगच्या) बुडाशी इन्फ्रारेड तापमापक धरल्यावर १३८ अंश सेल्सिअस दिसते. सकाळी जुळवलेली सुई दुपारी जुळत नाही. इंजिन घासले असावे या शंकेने ते थंड असताना फ्लायव्हील हाताने फिरवून पाहिले. पिस्टन अगदी वर येताना चांगला अडकतो, त्यामुळे पिस्टन आणि स्लीव्ह (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) शाबूत असावेत असे वाटते.

गाडीसोबत २५ टक्के नायट्रोचा एक अर्धा भरलेला डबा मिळाला होता आणि आतापर्यंत मी तोच वापरत आलो आहे. त्यावर तेलाचे प्रमाण लिहिलेले नाही. आता नवा डबा घ्यायचा आहे आणि दुकानात तीन पर्याय आहेत: १६ टक्के नायट्रो व १२ टक्के तेल, २५ टक्के नायट्रो व १० टक्के तेल, आणि विमानांच्या मॉडेलसाठीचे, १० टक्के नायट्रो व २० टक्के एरंडेल असलेले इंधन, जे बरेच स्वस्त आहे. माझ्यासारख्या नवशिक्याने यांतले कोणते घ्यावे? विमानाचे इंधन गाडीला चालते का? नायट्रो कमी केल्यास इंजिन थंड राहील, हा माझा समज बरोबर आहे का? ओळखीच्या एका मेकॅनिकने सरळ पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल घालून पाहण्याचा सल्ला दिला आहे. त्याविषयीही मत हवे आहे.

प्रतिसाद (नाशिकहून):

आपण टक्केवारीविषयी विचारले आहे, पण मला संशय त्या अर्ध्या डब्याचा आहे. या इंधनाचा मुख्य भाग मिथेनॉल असतो आणि मिथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेते. अर्धा रिकामा डबा एक पावसाळा कपाटात राहिला आणि त्याच्या झाकणातला वायसर कडक झालेला असला, तर आत किती पाणी मुरले आहे हे डोळ्यांना दिसत नाही, कारण पाणी मिथेनॉलमध्ये पूर्णपणे मिसळते. सुई एका जागी न टिकणे हे त्याचे नेहमीचे लक्षण आहे. प्लग काढून पाहावा. तार चकचकीत असायला हवी. राखाडी आणि खरखरीत झाली असेल, तर प्लगही बदलावा.

आता नायट्रोविषयी. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एक भाग मिथेनॉल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे ६.४ भाग हवा लागते, तर नायट्रोमिथेनला केवळ १.७ भाग. म्हणजे तेवढ्याच हवेत जास्त इंधन जाळता येते. त्यातून ताकद वाढते, इंजिन जागेवर स्थिर चालते आणि सुई जुळवणे थोडे सोपे जाते. बदल्यात सुई जास्त उघडावी लागते, टाकी लवकर संपते आणि नायट्रो हाच सर्वांत महाग घटक असल्याने खिशालाही चाट बसते. आपले १३८ अंश मात्र नायट्रोमुळे नाहीत, तर मिश्रणात इंधन कमी पडत असल्यामुळे आहेत. १०० ते १२० अंशांच्या दरम्यान इंजिन सुखी असते.

माझ्या मते आपण १६ टक्क्यांचे घ्यावे, आणि तेही नायट्रोसाठी नव्हे, तर त्यातल्या १२ टक्के तेलासाठी. या इंजिनाला वेगळे वंगण नसते. कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग यांना इंधनातूनच तेल मिळते. सुई जुळवायला शिकताना चुका होणारच, आणि त्या चुका ते दोन टक्के जास्तीचे तेल पोटात घालते. २५ वरून १६ वर आल्यावर गाडी वळणातून निघताना मंद वाटली, तर इंजिनाच्या डोक्याखालची ०.१ मिलिमीटरची एक शिम (धातूची पातळ चकती) काढून पाहता येईल. पण हे आधी करू नये, आणि पुन्हा २५ वर जाताना ती आठवणीने परत घालावी.

विमानाच्या इंधनावर इंजिन चालेल, बिघडणार नाही. फक्त २० टक्के तेलामुळे गाडी थ्रॉटलला सुस्त प्रतिसाद देईल, आणि एरंडेलाचा चिकट थर सायलेन्सरपासून चाकांपर्यंत सगळीकडे बसेल. माझ्याकडे असा प्रयोग झाला तेव्हा आईने आतूनच विचारले होते, ‘कोणाला एरंडेल पाजलंस रे?’ पेट्रोलचा विचार मात्र सोडून द्यावा. ग्लो प्लगची प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या सान्निध्यात स्वतःहून लाल राहते, म्हणूनच इग्नायटर (सुरुवातीला ही तार तापवणारे बॅटरीचे साधन) काढल्यावरही इंजिन चालू राहते. पेट्रोलने हे काम होत नाही.

प्रतिसाद (जर्मनीहून):

वरील मताला अनुमोदन. युरोपीय संघात १ फेब्रुवारी २०२१ पासून वजनाने १६ टक्क्यांपेक्षा जास्त नायट्रोमिथेन असलेले इंधन सर्वसामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय मिळत नाही, कारण त्याचा उपयोग स्फोटकांसाठी होऊ शकतो. डब्यावरचा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नायट्रोमिथेनची घनता १.१४ आणि मिथेनॉलची ०.७९ असल्याने वजनाने १६ टक्के म्हणजे आकारमानाने फक्त १२ टक्क्यांच्या आसपास भरतात. आपल्या दुकानातले आकडे बहुधा आकारमानाचे असतील, म्हणजे तुमचे १६ टक्के आमच्यापेक्षा जास्तच आहेत; आणि आमच्याही ३.५ सीसीच्या बग्ग्या त्यावर व्यवस्थित पळतात.

एक विनंती आहे. मिथेनॉल पोटात गेले, तर अंधत्व किंवा मृत्यू येऊ शकतो, आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे इंधन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवू नये. घरात लहान मुले असतील, तर मुळीच नाही.

धागाकर्त्याचे उत्तर (दहा दिवसांनी):

दोघांचेही मनापासून आभार. प्लग काढला तेव्हा तार राखाडी आणि एका बाजूला दबलेली निघाली. जुन्या डब्याचे झाकण उलटे करून पाहिले, तर आतला वायसर तुकड्यातुकड्यांनी हातात आला. टाकी आणि नळ्या रिकाम्या करून नवा प्लग बसवला, १६ टक्क्यांचा डबा आणला आणि सुई अर्धा आटा उघडून सुरुवात केली. नंतर दर फेरीला थोडी थोडी आवळत गेलो. कालच्या तिसऱ्या टाकीला तापमान ११२ अंश होते आणि सरळ मार्गावर धुराची बारीक रेघ दिसत होती. जागेवर चालू असताना इंधनाची नळी चिमटीत धरली, तर आवाज किंचित चढून तीन सेकंदांनी इंजिन बंद पडते, म्हणजे खालची सुईही (कमी वेगात इंधनाचे प्रमाण ठरवणारी) जुळली असावी. वळणातला गचका गेला. सर्वोच्च वेग थोडा कमी झाल्यासारखा वाटतो, पण शिमला तूर्त हात लावलेला नाही.

आता प्रश्न उरला आहे तो जुन्या डब्याचा. तो गटारात ओतायचा नाही, हे मला समजते. सध्या त्यावर ‘विष’ असे मोठ्या अक्षरांत लिहून तो कुलपात ठेवला आहे. पुण्यात कोणी असे इंधन रीतसर विल्हेवाटीसाठी दिले असेल, तर कोठे आणि कसे, ते कृपया येथे लिहावे.