पट्टा आहे, पण हूक अडकवायचा कुठे?

खिडकीकाठचा:
शेजारी सात मजली इमारत उठतेय. काल पाहिलं, सहाव्या मजल्याच्या परांचीवर एक गवंडी प्लॅस्टर करत होता. अंगात सेफ्टी बेल्ट होता, पण हूक मागे लोंबकळत होता. दुपारी खाली भेटला तेव्हा विचारलं, तर म्हणाला, "अडकवू कुठं? बांबूला?"

ठेकेदाराला गाठलं. तो म्हणाला, "मंडळाची पेटी मिळालीय की त्यांना! हेल्मेट, बूट, बेल्ट सगळं आहे त्यात. आम्ही आणखी काय द्यायचं?"

ही पेटी म्हणजे बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचा सुरक्षा संच. बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर घेतात, त्यातून तो नोंदणी झालेल्या कामगाराला मिळतो. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. मजूर अड्ड्यावरून रोज नव्या मुकादमाबरोबर जाणाऱ्या बिगाऱ्याला तो कोण देणार, हा वेगळाच विषय. पण पेटी वाटली म्हणून मालक मोकळा झाला, हे मला अजिबात पटत नाही.

गिलावा:
मी नाशकात छोटी कामं घेतो. तुम्ही बाल्कनीतून बघता, मी उन्हात उभा असतो, म्हणून लिहितो. सोमवारी दहा हेल्मेटं दिली की शनिवारी सहा उरतात. मे महिन्यात डोकं शिजतं म्हणून पोरं काढून ठेवतात, ओरडलं तर दुसऱ्या साइटवर जातात. वरून उपकर आमच्याच खर्चातून जातो. त्यातून हेल्मेट आलं, तर मी तेच पुन्हा विकत का आणू? आणि घातलं नाही म्हणून कोणी पडला, तरी दोष माझाच?

ओळंबा:
गिलावा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यातच आहे. नुकसानभरपाईच्या कायद्यात (पूर्वी १९२३ चा, आता सामाजिक सुरक्षा संहिता) तुमच्यासारख्यांना एक पळवाट दिलीय: कामगाराने सुरक्षा साधन जाणूनबुजून काढून टाकलं आणि त्यामुळेच इजा झाली, तर भरपाई टळू शकते. मात्र मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर ती पळवाट बंद. बिल्डरलाही "तो ठेकेदाराचा माणूस" म्हणून हात झटकता येत नाहीत. भरपाई त्याच्याकडूनही मागता येते, मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी.

पण आपण हेल्मेटवरच का अडकलोय? २०१९ च्या जूनमध्ये पुण्यात कोंढव्याला भिंत कोसळून १५ जण गेले. ते भिंतीलगतच्या झोपड्यांत झोपले होते. २०२३ मध्ये ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीची लिफ्ट कोसळून ७ जण गेले. या दोन्ही ठिकाणी डोक्यावर काय होतं याला काही अर्थ नव्हता. झोपड्या कुठे बांधू दिल्या, लिफ्ट कुणी तपासली, हे मजुराच्या हातात नसतं. खिडकीकाठचा यांच्या गवंड्याचंही तेच. बेल्ट त्याने घातला होता, हूक अडकवायला दोरच कुणी बांधला नव्हता. पक्की परांची, कठडा, डक्टवर जाळी, आडवी लाइफलाइन, म्हणजे बेल्टचा हूक अडकवायचा पक्का दोर, हे आधी. बेल्ट त्यानंतरचा.

गिलावा:
लाइफलाइनचं मान्य. ती मजूर घरून आणणार नाही. पण चौरस फुटाच्या दरात तिचे पैसे दाखवा मला. बिल्डर दर पाडतो, मी नाही म्हटलं की दुसरा तयार असतो. बिल्डरचं सोडा. खिडकीकाठचा, तुमच्या सोसायटीचं रंगकाम झालं असेल ना? कुणाचं कोटेशन पास केलंत?

पाटीवाली:
+१. आमच्याकडे तर झुल्यावरचे रंगारी बघून मुलं टाळ्या वाजवत होती.

ओळंबा:
बोलणं खोचक आहे, पण मुद्दा बरोबर. फक्त त्याने बिल्डर सुटत नाही, आणखी एक जण यादीत येतो इतकंच. सुरक्षेचा खर्च दरात न धरता निविदेत वेगळा ठेवला, तर तो पाडता येत नाही.

खिडकीकाठचा:
गिलावा, सर्वात कमी दराचं. गच्चीच्या कठड्याला दोर बांधून चौघं लोंबकळत होते, आणि मी त्यांना चहा पाठवला म्हणून खूश होतो. ओळंबा, रविवारी वॉटरप्रूफिंगच्या कोटेशनवर मीटिंग आहे. निविदेतल्या त्या वेगळ्या रकान्याचा एखादा नमुना असेल तर इथे टाका.