बिनसोयीच्या पुळणीवर एक दिवस: तुमचा अनुभव सांगा

डिसेंबरमध्ये आम्ही आठ जण पुण्याहून दिवसभरासाठी समुद्रावर जाणार आहोत. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा या वाटेने. दिवेआगर, हरिहरेश्वर बघून झालंय. या वेळी घोडागाडी, भेळ, वाळूत फिरणाऱ्या मोटारी असलं काहीच नसलेली पुळण हवी आहे. दिवेआगरहून श्रीवर्धनला समुद्राला धरून जो रस्ता जातो, त्यावर शेखाडीच्या आसपास तशा जागा मागे दिसल्या होत्या. पण तिथे संडास नाही, गोडं पाणी नाही, टपरी नाही. बरोबर बहात्तर वर्षांच्या सासूबाई आणि पाच वर्षांचा मुलगा आहे. अशा ठिकाणी जे गेलेत त्यांनी काय केलं, काय चुकलं, मोकळेपणाने लिहा. नुसती सामानाची यादी नको, घडलेलं सांगा.

कोथरूड

ताई, तारीख ठरवण्याआधी तिथी बघा. माझं आजोळ केळशीचं. आजोबा तिथीची पाऊणपट करायचे. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि तिथून साधारण सहा तासांनी, बाराच्या आसपास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. हा अंदाज झाला. नेमक्या वेळा भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघायच्याच.

हे सगळं माहीत असूनही चार वर्षांपूर्वी आम्ही सोयीचा रविवार बघून निघालो आणि नेमकी पौर्णिमा होती. दहाला पोचलो तेव्हा ऐसपैस पुळण होती. चादर अंथरली, डबे उघडले. अकरा वाजता पाणी चादरीपासून दहा पावलांवर आलं. आम्ही मागे सरकलो. परत सरकलो. बाराच्या आधीच लाटेचा फेस सुरूच्या झाडांच्या मुळांत शिरत होता आणि आम्ही बारा माणसं काट्याकुट्यात उभी होतो, हातात डबे धरून. उधाणाची भरती किती वर येते ते त्या दिवशी कळलं. एका टोकाला खडकापलीकडे दोन मुलं शिंपले वेचायला गेली होती. त्यांना काकाने कमरेभर पाण्यातून उचलून आणलं. ती पाच मिनिटं मी कधी विसरणार नाही.

तेव्हापासून आम्ही सप्तमी-अष्टमी धरतो. भांगाचे दिवस, पाणी कमी चढतं, कमी उतरतं. सकाळी ओहोटी चालू असते तेव्हा वाळूत खेळायचं आणि पाणी परत चढायला लागलं की मगच भिजायचं, तेही गुडघ्यापर्यंत.

सिंहगड रस्ता

बायकांच्या अडचणीबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. पहिल्या वेळी आम्ही तिघी जावा-नणंदा दिवसभर पाणीच प्यायलो नाही, जायची पंचाईत नको म्हणून. परतीच्या वाटेवर घाटात धाकटीला चक्कर आली, उलट्या झाल्या. उन्हात तहान मारून बसणं किती वाईट ते तेव्हा समजलं.

आता दोन जुनी नऊवारी लुगडी आणि सुतळी नेते. सुरूच्या चार खोडांभोवती लुगडं गुंडाळलं की छान आडोसा होतो. आत एक खुरपं, बादली, मग. खड्डा भरतीच्या रेषेच्या बराच वर घ्यायचा आणि नीट बुजवायचा. सासूबाईंसाठी बसायची भोक असलेली प्लॅस्टिकची खुर्ची मिळते, ती घ्याच. त्यांना उकिडवं बसणं जमणार नाही आणि त्या सांगणारही नाहीत.

पाण्याचं म्हणाल तर आठ जणांना वीस लिटरचा एक कॅन फक्त प्यायला, आणि अंगावरचं मीठ धुवायला दुसरा. पोराच्या पायाची वाळू आधी कोरडी करून टाल्कम पावडर चोळली की पटकन सुटते, पाणी वाचतं.

हडपसर

गाडी पुळणीवर उतरवू नका. वरून वाळू घट्ट वाटली म्हणून मी उतरवली. मागची चाकं रुतली, मी ॲक्सिलरेटर दाबत गेलो आणि ती आणखी खाली गेली. चाकांतली हवा कमी केली, पायपुसणी खाली घातली, तेवढ्याने भागलं नाही. शेवटी गावातून ट्रॅक्टर आला तेव्हा पाणी बंपरला लागलं होतं. खाऱ्या पाण्याने पुढे वर्षभर गाडीखालचे भाग गंजत राहिले.

धनकवडी

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूड-जंजिऱ्याजवळ पुण्यातल्या कॉलेजची १४ मुलं बुडाली. त्या बातमीनंतर आमच्या घरात समुद्राचं नाव निघेना. तरी पुढच्या वर्षी गेलो आणि माझा भाऊ ओढला गेला. पोहायला येणारा माणूस. लाटा फुटत नव्हत्या असा एक शांत, गढूळ पट्टा होता, तिथे सोपं वाटलं म्हणून तो उतरला. तोच पट्टा बाहेर खेचत होता. किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत राहिला आणि लांब लांब जात राहिला.

पाण्याचे रिकामे कॅन होते, त्यातला एक झाकण घट्ट लावून, दोरी बांधून आम्ही फेकला. तिसऱ्या फेकीला हाताला लागला. त्याला धरून तो किनाऱ्याला समांतर, आडवा सरकत गेला आणि ओढीतून सुटला. कॅन रिकामा झाला की टाकून देऊ नका, डिकीत ठेवू नका. दोरी बांधून पाण्याजवळ ठेवा. तिथे जीवरक्षक नसतो.

बाणेर

पहाटे चारला निघा, दुपारी तीनला उठा. पाच नाही, तीन. थंडीत सहाला सूर्य बुडतो आणि ताम्हिणीत अंधारात वळणं घेताना दमलेल्या चालकाचे डोळे मिटतात. माणगावला पेट्रोल भरून घ्या. घाटात मोबाइलला रेंज जाते, किनाऱ्यावरही बऱ्याच ठिकाणी नसते. पोचल्यावर कुठे दोन काड्या दिसतात ती जागा शोधून सगळ्यांना दाखवा. आणि वाटेतल्या भरडखोल गावच्या कोळीवाड्यात थांबून विचारा, की दादा, कुठे उतरलं तर चालेल? आम्ही ठरवलेल्या जागेवरून आम्हाला तिथल्या एका मावशींनी परत फिरवलं होतं. ऐकलं, बरं केलं.

पुन्हा मी

तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपलेपणाने लिहिलंत, डोळे भरून आले. आम्ही रविवार रद्द केला. अष्टमी मंगळवारी येते, ह्यांनी रजा टाकली आहे. लुगडी सासूबाईंनी स्वतःच पेटीतून काढून दिली. धनकवडीच्या दादा, वीस मीटर नायलॉनची दोरी काल आणली, कॅनच्या मुठीला बांधून बघितली. गाठ सुटत नाही.