पवई तलाव भरून बाग करा म्हणणाऱ्यांना : आधी नाले बंद करा

चांदिवलीकर (धागाकर्ती)

काल इथे एकाने लिहिलं : "पवई तलाव मेलाय. दरवर्षी जलपर्णी काढण्यावर पैसे ओतण्यापेक्षा थोडा भरून बाग आणि ट्रॅक करा. प्यायला भातसा-तानसाचं पाणी आहेच." त्यावर भराभर अंगठे पडले. वाचून डोकं उठलं, म्हणून सविस्तर लिहिते.

१८९१ च्या सुमारास पिण्यासाठी बांधलेला तलाव आपण पिण्यालायक ठेवला नाही, आणि आता त्यालाच दोष देतोय. नाल्यांतून सांडपाणी तलावात येतं, आणि त्यातला फॉस्फरस आणि नायट्रोजन हे जलपर्णीचं खत. ती पसरली की खाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो. कुजली की गाळ होतो आणि तेच खत पुन्हा पाण्यात. मशीनने काढलेली जलपर्णी काठावरच रचून ठेवतात. मी स्वतः पाहिलंय, ढिगातून काळं पाणी निथळत परत तलावातच जातं.

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या इरी सरोवरालाही १९६० च्या दशकात 'मेलेलं' म्हणत होते. १९७२ मध्ये दोन्ही देशांनी करार केला, मैलाशुद्धीकरण वाढवलं, साबणातला फॉस्फेट कमी केला, सरोवर सावरलं. पुढे शेतातल्या खतावर लगाम राहिला नाही, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये विषारी शेवाळ माजून काठावरच्या टोलेडो शहरात सुमारे ४ लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. येणारं खत थांबलं की तलाव सुधारतो, पुन्हा सोडलं की बिघडतो.

जुना इंजिनिअर

ताई, इरी जवळजवळ २५,७०० चौरस किलोमीटर. पवई दोन-अडीचसुद्धा नसेल. कुठे काय लावताय? आणि नाले बंद करा म्हणणं सोपं आहे. उतारावरच्या वस्त्यांत मलवाहिनी टाकायला रस्ताच नाही, हे मी नोकरीत असताना रोज बघायचो.

चांदिवलीकर

आलं, वस्त्यांचं नाव आलंच! टॉवरवाल्यांचं काय? आमच्याच सोसायटीचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प वीजबिल वाचवायला रात्री बंद ठेवायचे. मी मीटिंगमध्ये विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुम्हाला मेंटेनन्स वाढवून हवाय का?" आणि आकाराचं म्हणाल, तर छोट्या तलावात तेवढाच मैला जास्त बाधतो.

साकीविहार

सगळे मुद्द्याचं सोडून बोलताय. गणपतीनंतर तलावावर जाऊन बघा. प्लास्टरच्या मूर्तींचे हात-पाय तरंगत असतात. खरा गुन्हा तो. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती विसर्जनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, तरी वर्षानुवर्षं तेच.

मंडळाचा कार्यकर्ता

वाटच बघत होतो, कोण सुरू करतंय. ३६५ दिवस मैला सोडा, कुणी बोलणार नाही. बाप्पाचा एक दिवस आला की सगळे पर्यावरणवादी. आमच्या मंडळाची मूर्ती शाडूची आहे, निर्माल्य वेगळं गोळा होतं, रात्रभर पोरं पाण्यात उभी असतात. तुम्ही कधी आलात मदतीला?

साकीविहार

तुमची शाडूची असेल, बाकीच्यांचं काय? प्लास्टर सहज विरघळत नाही, तळाशी थर बसतो. रंगांत जड धातू असतात. श्रद्धा आम्हालाही आहे, घरचा गणपती आम्ही बादलीत विसर्जित करतो.

मंडळाचा कार्यकर्ता

बादलीवाल्यांनी आम्हाला श्रद्धा शिकवू नये.

चांदिवलीकर

दोघेही जरा थांबा. प्लास्टर वाईटच, गाळ आणि रंग दोन्ही वाईट, कृत्रिम हौदच हवेत. पण ते जिप्सम आहे, त्याने जलपर्णी फोफावत नाही. इरीत कोण विसर्जन करत होतं?

मंडळाचा कार्यकर्ता

हे तरी मान्य केलंत. मीही मानतो, प्लास्टरची मूर्ती तलावात नको. पण नाल्यावर जाळी बसली नाही, तोवर फक्त आमच्यावर बोट नको.

गळवाला

मी लहानपणापासून इथे गळ टाकतो. पूर्वी रोहू, कटला लागायचे. आता चिलापी, नाहीतर मांगूर. कमी हवेच्या पाण्यातही तेच तग धरतात. उन्हाळ्यात पहाटे या, मासे तोंड वर काढून हापसत असतात. रात्रभर वनस्पती आणि कुजका गाळ प्राणवायू ओढतात, आणि कोमट पाण्यात तो मुळात कमी मावतो. हे बघायला अहवाल लागत नाही.

आणि ट्रॅकवाल्यांना सांगतो, मगरी उन्हाला बाहेर येतात त्याच काठावर तुम्हाला सायकल हवी होती. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने पालिकेचा तो सायकल ट्रॅक बेकायदा ठरवला, तेव्हा कुठे थांबलं.

जुना इंजिनिअर

मगरींचं बरोबर. मग जलपर्णीवर ती खाणारे भुंगे का सोडत नाही? व्हिक्टोरिया सरोवरात दक्षिण अमेरिकेतले भुंगे सोडले, जलपर्णी बरीच आटोक्यात आली. भारतातही १९८० च्या दशकात आणलेत.

चांदिवलीकर

भुंगे झाड मारतात, खत बाहेर काढत नाहीत. मेलेली जलपर्णी तळाशीच जाणार. आणि तलाव भरायचं म्हणता, तर २६ जुलै २००५ आठवा. पवईचं जादा पाणी मिठी नदीत जातं.

जुना इंजिनिअर

इथे मात्र चुकताय. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाण्याने आधीच भरलेला तलाव एवढा पूर काय अडवणार? आलेलं पाणी सांडव्यावरून पुढेच जातं.

चांदिवलीकर

तो दिवस सोडून देते. पण भरलेल्या तलावाचाही पसारा पाणी थोडं उशिरा सोडतो, आणि जूनच्या पहिल्या सरी तर रिकाम्या जागेतच मावतात. तुम्ही म्हणता तेवढा भराव टाकला तर तीही जागा गेली.

जुना इंजिनिअर

पहिल्या सरींपुरतं ठीक. भराव टाका असं मी म्हटलेलं नाही, ते त्या कालच्या गृहस्थांना सांगा. मलाही तो नकोय. पण वस्तीत शौचालयं आणि मलवाहिनी दिल्याशिवाय नाल्याचं तोंड बुजवलंत, तर मैला लोकांच्या दारात साचेल. आधी जोडणी, मग नाला.

चांदिवलीकर

क्रम मान्य. मग आपण माहिती अधिकारात एवढंच विचारू : तलावात उतरणारे नाले कुठले, त्यांतला कुठला मलवाहिनीला जोडला, उरलेल्यांची मुदत कधीची. सोसायट्यांचे प्रकल्प चालू आहेत का, तेही त्याच अर्जात. मसुदा तुम्ही तपासा, तांत्रिक शब्द तुम्हाला माहीत.

मंडळाचा कार्यकर्ता

अर्जावर आमच्या मंडळाची सही घ्या. पण विसर्जनाचा प्रश्न त्यात घुसवलात, तर सही मागे घेईन.

साकीविहार

मग मी वेगळा अर्ज करतो.