सायकलचा शिमानो १०५ अजून ‘मधला’ ग्रुपसेट राहिलाय का? गोव्याच्या हवेत ११-स्पीड केबल की १२-स्पीड डीआय२

लाल_माती
ग्रुपसेट म्हणजे सायकलचा गिअर-ब्रेकचा संच; शिमानोत वर ड्युरा-एस, मग अल्टेग्रा, मग १०५. वरच्या ग्रुपसेटवर दोन-तीन वर्षं पारखून झालेला माल कमी पैशात, हा शिमानो १०५ चा जुना हिशेब. इंडेक्स शिफ्टिंग (एका क्लिकला एक गिअर) ड्युरा-एसवर १९८४ ला आलं, १०५ वर १९८७ ला. ११-स्पीड (मागे ११ दातेरी चकत्या) ड्युरा-एसवर २०१२, १०५ वर २०१४. आता १२-स्पीड ड्युरा-एस २०२१ ला निघतो काय, आणि जून २०२२ ला १०५ पण हजर, तोही आधी नुसता डीआय२ (केबलऐवजी बॅटरीवर गिअर बदलणारा)! केबलवाला १२-स्पीड आला २०२३ ला, फक्त डिस्कसाठी. रिम ब्रेकवाल्यांना (चाकाच्या कडेवर पॅड दाबणारे ब्रेक) वाऱ्यावर सोडलं. माझं मत स्पष्ट आहे: गोव्यात नवी सायकल बांधायची तर २०१८ चा आर७००० (११-स्पीड केबलवाला १०५) शोधा. केबल कुठेही मिळते, चार्जर लागत नाही.

फ्रीहब_फोंडा
लाल_माती बाब, केबल हेच तर गोव्यातलं दुखणं. शिफ्टरची (गिअर बदलायच्या दांडीची) केबल बार टेपखालून (हँडलवरच्या पट्टीखालून) न्यायला लागल्यापासून शिफ्टरच्या पोटात तिला एकदम आखूड वळण बसतं. डोक्याजवळचा एकेक तंतू तुटत जातो आणि तुटके तुकडे आतल्या यंत्रणेत अडकतात. पहिलं लक्षण म्हणजे मागचं इंडेक्सिंग वारंवार बिघडतं. माणूस केबलचा ताण बदलणारा बॅरल अ‍ॅडजस्टर फिरवत बसतो, दोष हँगरला, म्हणजे चेन सरकवणारा डिरेलर टांगतात त्या तुकड्याला, देतो. मग चोर्ल्याच्या चढावर केबल तुटते आणि चेन थेट ११ दात्यांवर. पुढच्या चकतीला ३४ दाते असले तरी तो गिअर घाटात कुणाच्या बापाला फिरायचा नाही.

लाल_माती
तुटायची वाट बघायचीच कशाला? पावसाळा संपला की दरवर्षी बदला, तोवर तीनेक हजार किमी झाले तर आधीच. मागे सर्वांत लहान चकतीवर गिअर आणा, डिरेलरचा बोल्ट सैल करा, हूड (शिफ्टरवरचं रबर) मागे सारा, केबल पुढे ढकला, डोकं बाहेर येतं. मागच्या डिरेलरकडचा आउटरचा (केबलवरच्या नळीचा) तुकडाही त्याच वेळी टाकून द्या. लाल चिखल आणि खारं पाणी तिथूनच आत शिरतं. नवी केबल आणि जुना आउटर म्हणजे पैसे पाण्यात.

तिसवाडी_टेम्पो
केबलवर किती भांडाल! दात्यांकडे बघा. ११-स्पीडमधली ११-३४ कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) अशी: ११-१३-१५-१७-१९-२१-२३-२५-२७-३०-३४. १२-स्पीडमध्ये: ११-१२-१३-१४-१५-१७-१९-२१-२४-२७-३०-३४. म्हणजे १२ आणि १४ परत मिळाले. मिरामार ते दोना पावल समोरून वारा असताना १३ वरून १५ वर उडी बसली की कॅडेन्सचा (पॅडलच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) बट्ट्याबोळ होतो, हे गटात चालवणाऱ्याला विचारा. घाटात दोन्ही सारखेच: ३४ ला ३४, पॅडलच्या एका फेरीला चाकाची एक फेरी, ८० च्या कॅडेन्सला ताशी सुमारे १० किमी.

आणि हो, ती ११-स्पीडची ११-३४ रोडच्या ११-स्पीड फ्रीहबवर (चाकाचा कॅसेट बसते तो भाग) बसवताना १.८५ मिमीचा स्पेसर (पातळ कडी) मागे घालावाच लागतो. तो विसरला की लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी कडी) ४० न्यूटन-मीटरला आवळूनही कॅसेट खुळखुळते. १०५ ची १२-स्पीड ११-३४ मात्र त्याच फ्रीहबवर स्पेसरशिवाय बसते, त्यामुळे चाकं बदलायचा खर्च नाही. स्रॅम या दुसऱ्या कंपनीचा रायव्हल एएक्सएस घेतलात तर एक्सडीआर हा वेगळा फ्रीहब आलाच. शिवाय त्याच्या ब्रेकमधलं डॉट ऑइल हवेतला ओलावा शोषतं. आपल्या जून ते सप्टेंबरच्या हवेत हा मुद्दा लहान नाही. शिमानोचं मिनरल ऑइल शोषत नाही.

लाल_माती
दात्यांचं मान्य. पण तेवढ्यासाठी बॅटऱ्या सांभाळायच्या?

फ्रीहब_फोंडा
सांभाळायचं असतं तरी किती? सीटपोस्टमधली एक बॅटरी दोन्ही डिरेलरना वायरने जोडलेली, एका चार्जला हजारेक किमी. ती उतरत आली की आधी पुढचा डिरेलर बंद पडतो, मागचा आणखी थोडा वेळ चालतो, म्हणजे सूचना मिळते. शिफ्टरमध्ये सीआर१६३२ ही बटण बॅटरी. ती २०३२ सारखी गल्लीच्या दुकानात मिळेलच असं नाही, म्हणून जादाची घरात ठेवा. पावसात चालवून आल्यावर मागच्या डिरेलरचा चार्जिंग पोर्ट पूर्ण सुकल्याशिवाय प्लग लावू नका. एवढंच पथ्य.

तिसवाडी_टेम्पो
लाल_मातींच्या बाजूनेही एक सांगतो. २०२३ ला शिमानोने ११-स्पीडचे क्रँक (पॅडल जोडतात त्या दांड्या) तपासणीसाठी परत बोलावले, दोन भाग चिकटवून केलेले, सांधा उकलतो म्हणून. ते अल्टेग्रा आणि ड्युरा-एसचे. १०५ चा क्रँक त्या यादीत नव्हता. जुनी अल्टेग्रा स्वस्तात मिळतेय म्हणून उडी मारणाऱ्यांनी आधी क्रँकवरचा कोड बघावा.

लाल_माती
बघा, म्हणजे आर७०००! पण रिमवाल्यांचं काय, ते कुणीच बोललं नाही.

फ्रीहब_फोंडा
डिचोलीकडच्या रस्त्यांवर पावसात रिम ब्रेक मारून बघा. लाल खडी पॅडमध्ये रुतते आणि प्रत्येक ब्रेकला रिम खरवडते. दर ओल्या राइडनंतर पॅड काढून सुईने खडे टोकरायची तयारी असेल तर खुशाल ठेवा.