रशियातली उष्णतेची लाट आणि मराठवाड्यातली अतिवृष्टी: संबंध कसा तपासावा?

प्रश्न: नांदेड-लातूरचा पाऊस हवामान खात्याच्या ०.२५ अंश ग्रिडमधून (नकाशावरच्या छोट्या चौकटींनिहाय आकडे) घेतलाय, पश्चिम रशियाचं तापमान ईआरए५ मधून (निरीक्षणं आणि मॉडेल जोडून बनवलेला युरोपीय केंद्राचा हवामान डेटा). रोजच्या आकड्यांचा सहसंबंध जवळपास शून्य. पुढे काय?

परभणीकर: सहसंबंध सोडा, घटना मोजा. जून ते सप्टेंबरमधले किमान १ मिमी पावसाचे दिवस घ्या, त्यांच्या ९५व्या शतमकावरचे, म्हणजे सर्वाधिक पावसाचे ५ टक्के, निवडा. तापमानातला वाढीचा कल आधी काढून टाका. मग त्या-त्या तारखेच्या ९०व्या शतमकावर सलग ३ दिवस म्हणजे लाट. सलग दिवसांची एकच घटना धरा, नाहीतर एकच लाट पाचदा मोजली जाते. मग ‘इव्हेंट सिंक्रोनायझेशन’, म्हणजे दोन ठिकाणच्या घटना किती वेळा जवळपास एकत्र येतात ते मोजणं: दोन घटनांतलं अंतर कमाल १० दिवस, आणि शेजारच्या घटनांपासूनच्या अंतराच्या निम्म्याहून कमी.

गोदाकाठ: तारखा तपासल्यात का? आपला पाऊस सकाळी ८:३० पर्यंतच्या २४ तासांचा, म्हणजे बहुतांश आदल्या दिवसाचा. ईआरए५ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) चालतं. इथे एक दिवस सरकला की आधी कोण, नंतर कोण हेच उलटतं!

परभणीकर: बरोबर. शिवाय जुळणी निव्वळ योगायोग आहे का हे पाहायला वर्षांची अदलाबदल करून १००० वेळा चाचणी घ्या; दिवस विस्कटू नका, ऋतुचक्र मोडतं. हजारो ग्रिडबिंदूंत योगायोगाने जुळणारे निघतातच, म्हणून एकटेदुकटे दुवे टाका, शेजारशेजारच्या बिंदूंचे झुपके ठेवा. शेवटी त्या जुळलेल्या दिवसांचे २०० हेक्टोपास्कलचे (सुमारे १२ किमी उंचीवरचे) वारे सरासरीत पाहा. रॉसबी लहरींची (वरच्या वाऱ्यांतली प्रचंड नागमोडी वळणं) माळ दिसली नाही, तर मला तरी तो दुवा पटणार नाही. २०१० ची रशियातली लाट आणि पाकिस्तानातला पूर सरावाला घ्या.