अर्ल ग्रे कडू होतोय, मदत हवी आहे

अर्ल ग्रे (बर्गमॉटच्या वासाचा काळा चहा) करून बघतेय पण दरवेळी कडूजहर, पाणी खळखळ उकळून पाच-सहा मिनिटं पत्ती तशीच ठेवते, तिथेच चुकतंय का? दूध घातलं की बर्गमॉटचा वास जातोच, वर साबणासारखं काहीतरी लागतं (माझंच नाक बिघडलं असेल म्हणा). बर्गमॉट म्हणजे इटलीत कॅलाब्रियात होणारं आंबट फळ, त्याच्या सालीचं तेल यात असतं एवढं कळलं. पण मुळात चहा कुठला घ्यावा? आसामची मोठ्या पानाची जात, जी रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याने १८२३ मध्ये पाहिली आणि तिथले सिंगफो आदिवासी आधीपासून पीतच होते, ती कडक. मग चिनी बारीक पानाचा घेतला तर बर्गमॉट जास्त उठून येईल का? दोन्ही करून पाहिलेत का कोणी?