विषय: पडवीखालच्या बुटक्या जागेत सामानासाठी भक्कम लाकडी मांडणी

मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार,

गुहागरजवळचे आमचे घर उतारावर असल्यामुळे मागच्या पडवीखाली सुमारे चार फूट उंचीची जागा मोकळी राहिली आहे. आईने तांब्यापितळेची मोठी भांडी, लाकडी पाट आणि जुन्या पेट्या तिथे जमिनीवरच ठेवल्या आहेत, आणि दर पावसाळ्यानंतर पाटांना बुरशी धरलेली आढळते. डिसेंबरात गावी जाऊ तेव्हा सुताराकडून मांडणी करून घ्यायचा विचार आहे. लाकूड कोणते घ्यावे, फळ्या किती जाड असाव्यात, आणि जांभ्याच्या भिंतीतच फळ्यांची टोके बसवली तर चालेल का, याविषयी जाणत्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

*

चिरंजीवांस अनेक आशीर्वाद.

निवृत्तीनंतर मी वर्षाचा बराचसा काळ रत्नागिरी जिल्ह्यातच असतो, म्हणून सविस्तर लिहितो. सर्वांत आधी, भिंतीत फळ्या बसवू नका. जांभा सच्छिद्र असतो आणि जमिनीतली ओल वर ओढून घेतो. भिंतीत गेलेले फळीचे टोक वर्षातले चार महिने दमट राहते, तिथूनच कुजू लागते, आणि वाळवी दगडांच्या सांध्यातून थेट लाकडात शिरली तरी बाहेरून काही दिसत नाही. मांडणी स्वतःच्या पायांवर उभी असावी आणि भिंतीपासून निदान चार इंच सुटी असावी.

प्रत्येक पायाखाली कडाप्प्याचा किंवा काळ्या दगडाचा तुकडा पक्का बसवून घ्या. दगडामुळे वाळवी अडत नाही, हे मुद्दाम सांगतो. पण तिला वर चढण्यासाठी दगडावरून मातीची बारीक नळी बांधत यावे लागते, आणि ती नळी उजेडात बोटाएवढ्या जाडीच्या रेघेसारखी स्पष्ट दिसते. घरातल्या माणसाने महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन पाय पाहिले, तर कोणत्याही औषधापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो. याच कारणासाठी सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून नऊ इंच वर ठेवा. आपल्याकडे फुरशाचे भय आहे, आणि वाकून हात घालायच्या जागी खालची जमीन डोळ्यांना दिसलीच पाहिजे.

आता जाडीविषयी. एकूण वजन तेच ठेवून दोन आधारांमधले अंतर दुप्पट केले, तर फळीचा झोल आठपट होतो. उलट जाडी दुप्पट केली, तर झोल आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून भारी फळ्यांवर पैसे घालण्याऐवजी पाय जवळ घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. अडीच फुटांवर एक पाय, पाय तीन इंच चौरस, आणि एक इंच जाडीच्या पट्ट्या अर्धा इंच फट सोडून बसवलेल्या, इतके असले की तांदळाचे पन्नास किलोचे पोते निर्धास्त ठेवता येते. फटींमुळे वारा खेळतो आणि बुरशीही कमी धरते. आडव्या दांड्या मात्र नुसत्या स्क्रूवर लटकू देऊ नका. पायात खाच पाडून दांडी तिच्यात बसवायला सांगा, म्हणजे भार लाकडावर येतो आणि स्क्रूचे काम फक्त धरून ठेवण्याचे उरते. मागच्या बाजूला एक तिरकी पट्टी ठोकली की मांडणी डुलत नाही.

लाकूड फणसाचे, सागाचे किंवा किंजळाचे घ्या, पण गाभ्याचे. कडेचा फिकट भाग वाळवीला आधी बळी पडतो. आंब्याचे लाकूड स्वस्त असले तरी त्याला भुंगा लागतो, ते टाळावे. आवारातला फणस तोडायचा बेत असेल, तर १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ ही सगळी झाडे आहेत, म्हणजे स्वतःच्या जमिनीतही आधी परवानगी लागते. त्यापेक्षा मोडलेल्या घरांचे जुने सागवानी वासे मिळाले तर फारच उत्तम: ते पुरते वाळलेले असतात. घेताना पटाशीचे टोक जागोजागी दाबून पाहावे. पोकळ असेल तिथे ते सहज आत जाते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच वापरा, कारण साधे खिळे खाऱ्या हवेत गंजून लाकूडही काळे करतात.

*

काकांच्या पत्राला माझी थोडी पुरवणी. आमच्या वेंगुर्ल्याकडे पायांना काजूच्या टरफलांचे तेल लावतात, आणि वाळवीसाठी ते चांगले आहे. पण ते कातडीला लागले तर भाजल्यासारखे फोड येतात, म्हणून हातमोजे घालूनच लावावे, आणि फक्त पायांनाच. भांडी ठेवायच्या पट्ट्यांना जवसाचे तेल पुरे. डिसेंबरातली कोरडी हवा या कामाला अगदी योग्य आहे. तेल पूर्ण वाळेपर्यंत सामान चढवू नये.

*

काका, ताई, मनापासून आभार. सुताराला आजच कळवतो. त्या जागेचे दार जेमतेम दोन फूट रुंद आहे, तेव्हा मांडणी बाहेर तयार करून आत नेता येणार नाही, असे दिसते.

*

बरोबर आहे. खाचा बाहेर अंगणात पाडून, सांधे एकदा कोरडे जुळवून पाहावेत, प्रत्येक जोडावर खुणेचे आकडे घालावेत आणि मग सुटे भाग आत नेऊन स्क्रू आवळावेत. सुताराला मापे दाराची द्या, आणि आतली जमीन उतरती असेल तर प्रत्येक पायाची उंची वेगळी मोजायला सांगा.